बांगड्याच्या डोळ्यातलं कॅल्शियम

९ जानेवारी २००६
आला एकदाचा! कुडाळ स्टेशनवरून टेम्पोने, तीन गोधड्यांत गुंडाळलेला, निम्मं वजन माझ्या मांडीवर. सरांच्या मुंबईच्या लॅबमध्ये नवा मायक्रोस्कोप आलाय, म्हणून हा जुना माझ्याकडे. मे अखेरपर्यंत फक्त. पीएच.डी.ची दोन वर्षं मी उलटी मेहनत केली. इथले मासे बर्फात घालून गाडीने मुंबईला न्यायचे, आणि पोचेपर्यंत डोळ्यातल्या पेशी मेलेल्या. शेवटी सरांना म्हटलं, डोळा मशीनकडे जिवंत पोचत नसेल तर मशीन डोळ्याकडे नेऊ. सर हसले. मग हो म्हणाले.
आतेने गोधड्या सोडताना बघितलं आणि विचारलं, "आणि ह्या जेवता काय?"

१२ जाने.
कॉलेजचं मागचं स्टोअर मिळालं. खिडक्यांना काळा कागद डकवला. प्राचार्य म्हणाले, मॅडम, लेक्चर बुडवू नका म्हणजे झालं. नाही बुडवणार. सकाळी सहाला किनारा, साडेसातला स्टोअर, अकरानंतर लेक्चरं. जमेल. जमवणारच.
वहीत लिहायला सोपं म्हणून: ग्लू. = ग्लुटामेट, कॅ. = कॅल्शियम. ला. बा. = लाल झाकणाची बाटली, म्हणजे कॅ. असलेलं मिठाचं पाणी. नि. बा. = निळ्या झाकणाची, कॅ. नसलेलं.
पेशीत भरायच्या रंगाच्या कुप्या थंडीत लागतात आणि घरचा फ्रिज लाईटच्या मर्जीवर. बर्फाच्या कारखान्यात ठेवल्या. तिथला माणूस म्हणाला, बाई, ह्यात काय बाँब?

१६ जाने.
रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायच्या जाळ्यावर, गेले. आमच्याकडे दोरीला हात लावला की वाटा मिळतो, बाई असो की पाहुणा. मी तास‍भर ओढली. बाबू तांडेल वाटे घालताना म्हणाला, "तुका कितके?" म्हटलं, मासे नकोत, वीस बांगड्यांचे डोळे द्या. सगळा किनारा हसला.
हसली नाही ती फक्त आते. तिला तेच बांगडे बाजारात नेऊन विकायचे. "डोळे नसलेलो बांगडो कोण घेतलो गो? गिरायक आधी डोळोच बघता." खरंच की! ताजेपणाची परीक्षाच डोळ्यावर. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि मी म्हणे मासेवाल्यांच्या घरची. शेवटी ठरलं: माझे सहा मासे वेगळे, आणि त्यांची आमटी घरी. रोज आमटी. बरं.

१९ जाने.
डोळा कापायला मला चार मिनिटं लागतात. आतेने बघितलं, माझ्या हातातून ब्लेड घेतलं आणि अर्ध्या मिनिटात आतला पडदा अख्खा काढून हातावर ठेवला. चाळीस वर्षं मासे कापणारा हात! आता हे तिचं काम. किनाऱ्यावरच कापायचं, पडदा सरळ नि. बा.तल्या पाण्यात. कॅ. नसलं की पेशी एकमेकींना सोडतात.
पुढे पेशी सुट्या करायला पपेन लागतं. आतेला सांगितलं, कच्च्या पपईच्या चिकातून काढतात. "ह्याका शिकूक मुंबैक गेल्लंस? मटान शिजवक आमी तांच घालतंव."

२४ जाने.
दिसली!!
सुटी, अख्खी, जिवंत ग्लिया, म्हणजे पडद्यातली आधारपेशी. अगदी सुरूच्या झाडासारखी. खाली पसरलेला पाय, लांब खोड, वर फांद्या. ला. बा.तल्या पाण्यात ठेवून ग्लू.चा एक थेंब सोडला आणि पाच सेकंदांत फांद्या हिरव्या उजळल्या, मग खोड, मग पाय. मी ओरडले. बाहेरून शिपाई धावत आला, मॅडम साप निघाला काय.
किती वर्षं पुस्तकं म्हणत आली की ह्या पेशी म्हणजे नुसती पुट्टी, मज्जापेशींच्या मधल्या फटी बुजवणारी. आणि इथे मज्जापेशींचा शब्द, म्हणजे ग्लू., कानावर पडताच हिच्या अंगात कॅ. चढतं. ही ऐकते आहे! रंगाचं कामच ते, कॅ. वाढलं की उजळायचं.
घरी जाऊन आतेला मिठी मारली. तिच्या हाताला खवले होते. तिने तशीच परत मारली.

२ फेब्रुवारी
आता खरा प्रश्न. हे कॅ. येतं कुठून?
एक: पेशीच्या अंगावरचा ग्लू.चा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, हाच एक दरवाजा. ग्लू. बसलं की उघडतो आणि बाहेरचं कॅ. आत शिरतं. दोन: ग्राहक नुसता निरोप देतो आणि पेशी आपल्याच कोठारातलं कॅ. सोडते. सरांचा कौल पहिल्याला. मला दुसरं हवंय. शास्त्रात हवंय-नकोय नसतं हे मलाही कळतं. पण स्वतःच्या कोठारातून सोडणारी पेशी म्हणजे स्वतःचं काही म्हणणं असलेली पेशी, असं मला वाटत राहतं.
तपासायला सोपं. पेशी नि. बा.तल्या पाण्यात ठेवायची, ग्लू. द्यायचं. उजळली तर आतून. नाही तर बाहेरून.

१० फेब्रु.
नि. बा.: अंधार. पुन्हा अंधार. अंधार.
त्यात भारनियमन. मायक्रोस्कोपचा दिवा गेला की थंड व्हायला अर्धा तास, त्याआधी पेटवायचा नाही. आज दोनदा गेला. चिडून काळा कागद फाडला, आणि मग मीच पुन्हा चिकटवला.

२० फेब्रु.
सकाळी आतेवर ओरडले. डोळे कापताना तिने नि. बा.त बोट बुडवून चाखलं! म्हणाली, "तुझा पाणी अळणी आसा. समुद्रातलो मासो, तेका असल्या पाण्यात घालतंस? डोळो पांढरो पडतलो." म्हटलं, आते, ते शास्त्राचं पाणी आहे, तुझ्या कढीचं नाही, हात लावू नकोस. चार बायकांसमोर बोलले. नको होतं बोलायला.
तिने बोट पदराला पुसलं. पाटी उचलून बाजारात गेली.

२७ फेब्रु.
उजळली!!! नि. बा.त! कॅ. नसलेल्या पाण्यात!
आठवड्याने आज पुन्हा केलं: जरा मंद, पण उजळली. चार पेशी, चारही. आतून, आतून, आतून!
लेक्चरला गांडुळाचं पचन शिकवायचं होतं. काय शिकवलं देव जाणे. मुलं विचारत होती, मॅडम, तुमचा वाढदिवस आहे का.
एसटीडी बूथवरून सरांना फोन. ते म्हणाले, "घाई नको. नवी बाटली बनव, पुन्हा कर." त्यांच्या आवाजातही काहीतरी होतं. मी ओळखते ना.

६ मार्च
नवी नि. बा. बनवली. भांडी तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुतली. सकाळी किनाऱ्यावर नेली, पडदे त्यातच, उरलेलं नेहमीसारखं प्रयोगाला. रसायन इतकं थोडं उरलंय की रोज एकच बाटली भरायची, किनाऱ्याला आणि प्रयोगाला तीच.
उजळली. म्हणजे बाटलीचा दोष नाही.
फेब्रुवारीच्या सुरुवातीला का नव्हती उजळत? माझा हात बसला नव्हता, दुसरं काय. आता पेशी जास्त तगडी मिळते. आतेचा हात!

१८ मार्च
सरांनी टिपण मागवलं. डिसेंबरमधल्या परिषदेला पाठवायचं. पहिलं नाव माझं, असं ते स्वतःहून म्हणाले. मी फोनवर थँक्यू म्हणायला विसरले, नुसती हं हं करत राहिले.
आतेला सांगितलं. तिने देवाला नारळ ठेवला आणि समोरच्या काकींना तीनदा सांगून आली. "आमच्या नंदान माशाच्या डोळ्यातलो दिवो शोधलो." असंच नाही गो, म्हटलं. पण दुरुस्त नाही केलं. ऐकायला बरं वाटलं.

३० मार्च, पाडवा
टिपण गेलं. आज प्रयोग नाही. श्रीखंड. आमटीला सुट्टी!

१७ एप्रिल
आते काल कट्टा गावाला गेली, भाचीच्या लग्नाला. तीन दिवस तिकडेच. डोळे मीच कापले.
नि. बा.: अंधार.

१८ एप्रिल
अंधार. ला. बा.त मात्र झकास उजळतात. म्हणजे पेशी जिवंत, रंग ठीक, दिवा ठीक. कोठार रिकामं झालं की काय? एप्रिलच्या उकाड्याने?

१९ एप्रिल
अंधार. टिपण जाऊन वीस दिवस झाले.

२० एप्रिल
आते आली. उजळली.
हसू आलं आधी. म्हटलं, आतेचा हातगुण. मग वही काढून बसले आणि मागची पानं चाळली. आते नव्हती ते दिवस, आते होती ते दिवस. तिला ताप होता ते दोन दिवस. मार्चमधली ती एकादशी, तेव्हाही ती किनाऱ्यावर आली नव्हती. त्या दिवसांसमोर मी 'अंधार, रंग बिघडला' असं लिहून टाकलंय.
हसू गेलं.

२१ एप्रिल
आज डोळे तिच्याकडे दिले आणि होडीच्या आड उभी राहिले. स्वतःच्या आतेवर पाळत. लाज वाटत होती.
तिने पडदे काढले. बाटलीत सोडले. मग इकडेतिकडे बघितलं, लाटेपर्यंत गेली, अर्धी करवंटी समुद्राचं पाणी भरून आणलं आणि नि. बा.त ओतलं. झाकण लावलं. पदराला हात पुसले.
समुद्राच्या पाण्यात कॅ. किती असतं हे मी दर वर्षी बारावीला शिकवते.
तिथेच वाळूत बसले. ती म्हणाली, "काय जाला गो? घेरी इली?"
विचारलं, कधीपासून?
"तू वराडलंस त्याच्या दुसऱ्या दिसापासून. अळणी पाण्यान डोळो पांढरो पडता, ह्या आमच्यात ल्हान पोराक पण म्हायत आसा. तुझा काम बरां होवचा म्हणान घातलंय. रोज अर्धीच करवंटी, जास्त नाय."
सांगितलं का नाहीस?
"सांगलंय असतंय तर परत वराडली असतंस."
मग मी ओरडलेच. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

२२ एप्रिल
उजेड आतला नव्हताच. समुद्राचा होता. दोन महिने मी कॅ. नसलेल्या पाण्यात कॅ. ओतून घेत होते आणि वर सहीनिशी मुंबईला कळवत होते. बाटली पुन्हा पुन्हा नवी केली, पण प्रत्येक बाटली आधी किनाऱ्यावर गेली. हे सुचू नये? चूक आतेची म्हणायची की माझी? तिला तिची विद्या येते, मला माझी येत नाही.

२४ एप्रिल
सरांना फोन. बूथमध्ये घाम. सगळं सांगितलं, करवंटीसकट.
मग: "टिपण मागे घे. आजच पत्र टाक. आणि पुन्हा कर सगळं. महिना आहे तुझ्याकडे." मग, "अर्धी करवंटी म्हणजे किती मिली?" म्हटलं, साधारण पाऊणशे. त्यांनी बहुतेक तिथेच हिशोब केला. म्हणाले, पुरतं तेवढं. आणि हसायला लागले. मी रडत होते आणि ते हसत होते, मग मीही हसले. बूथवाला बघतच राहिला.
पत्र टाकलं. पोस्टाच्या पेटीत पडल्याचा आवाज ऐकला आणि हलकं वाटलं. खरंच वाटलं.

२८ एप्रिल
आते मासे वेगळे काढून ठेवते, पण ब्लेडला हात लावत नाही. "माका काय कळता तुझ्या शास्त्रातला." घरात बोलणं जेवणापुरतं. मी कापते, चार मिनिटं लागतात, निम्मे पडदे फाटतात.
आता दोन वेगळ्या निळ्या बाटल्या. एक किनाऱ्याची, एक स्टोअरच्या कुलपातली. हे जानेवारीतच करायला हवं होतं.

४ मे
कुलपातली नि. बा.: अंधार. अकरा पेशी. तीच पेशी ला. बा.त: लख्ख.
आणि आज सरांनी पाठवलेलं दार बंद करणारं औषध वापरलं. ला. बा.त, भरपूर कॅ. असताना, औषध दिलं. अंधार! औषध धुऊन काढलं. लख्ख! पुन्हा दिलं. अंधार!
बाहेरून. दरवाजातून. सरांचा कौल बरोबर, माझा चूक, आणि तरी मी स्टोअरमध्ये एकटीच उड्या मारत होते. उत्तर आलं ना! इतकं स्वच्छ उत्तर मला कधीच मिळालं नव्हतं. चुकीच्या उत्तराला मी इतके दिवस कुरवाळत होते, त्याला असा कणा नव्हताच.

११ मे
घरी आतेच्या पुढ्यात बसले. म्हटलं, आते, चार लोकांत बोलले ते चुकलं माझं. दोन्ही वेळचं. ती कोकमं उन्हात पसरत होती. म्हणाली, "तू ल्हानपणापासून अशीच तापट. बापाशीवर गेलंस." मग जरा वेळाने, "पडदे फाटतत ना?"
फाटतात, म्हटलं.
"उद्या बघतंय."

१९ मे
आतेच्या हाताने दिवसाला आठ-नऊ पेशी मिळतायत. सगळ्यांचं एकच म्हणणं: नि. बा. अंधार, ला. बा. लख्ख. थीसिसचं तिसरं प्रकरण डोक्यात आपोआप लिहिलं जातंय. टेम्पो २५ला ठरला.

२४ मे
घाईत लिहितेय, अक्षराला हसायचं नाही.
आज शेवटचे सहा मासे. काम आठलाच संपलं, रंग थोडा उरला होता. आतेला म्हटलं, चल, इतके महिने डोळे काढलेस, एकदा बघ तरी आत काय असतं. तिने पाय धुतले, पदर खोचला, स्टोअरमध्ये आली. देवळात शिरावं तशी. काचेखाली कुलपातल्या नि. बा.तली पेशी होती, ला. बा. संपली होती. म्हटलं, ह्यात काही उजळणार नाही, नुसता आकार बघ. सवयीने ग्लू.चा थेंब सोडला आणि मी टेबलाशी जाऊन नोंदी लिहायला बसले. मायक्रोस्कोपवरचा कॅमेरा बंद. आकारच तर दाखवायचा होता.
मी दर वेळी अर्ध्या मिनिटात दिव्याची झडप बंद करते, रंग जळू नये म्हणून. आज विसरले. ती डोळा लावून बसली होती, उठायचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.
दोनेक मिनिटं झाली असतील. "पायाकडे उजेड पडलो गो."
काय?
"खाली. पायात. वर काय नाय. हळू हळू इलो."
धावले. तिला ढकललंच. बघितलं: होतं? पायाशी काहीतरी फिकट होतं, की अंधारात डोळे आपले आपणच दाखवतात तसं? मोजेपर्यंत नाहीसं.
कुलपातली बाटली. किल्ली माझ्या गळ्यात. कॅ. नाही त्यात, शपथेवर नाही. आणि उशिरा, फक्त पायाशी, हळू. दरवाजातून येणारं कॅ. असं येत नाही. असं येतं ते कोठारातून. मी कधी अर्ध्या मिनिटापुढे थांबलेच नव्हते!
तिला पायरीवर बसवलं. म्हटलं, आते, खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस का? टिपण मागे घेतलं, मी रडले, म्हणून?
ती रागावली नाही. माझ्याकडे बघितलं. "मी पाणी घातलंय, ता लपयलंय? तू इचारलंस, मी सांगलंय. आता पण इचारलंस. पायाकडे उजेड इलो. माका दुसरा काय येत नाय सांगूक."
सरांना फोन केला. एक पेशी, चित्र नाही, साक्षीदार आते. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "थेंबानंतर किती वेळाने म्हणतात त्या?" तिला तिथेच विचारलं. ती म्हणाली, शंकराची आरती अर्धी म्हणून झाली होती मनात. सरांना तसंच सांगितलं. म्हणाले, लिहून ठेव, आणि थीसिसमध्ये त्यातलं काहीही घालू नकोस. अजून.
मग मी आतेला पूर्ण आरती म्हणायला लावली आणि घड्याळ धरलं: अर्धी येते दोन मिनिटांवर.
टेम्पो उद्या बाराला. लाईट दहाला जाते. कुपीत रंग दोन पेशींपुरता, फार तर तीन. रापण सहाला लागते, बाबू तांडेलाला निरोप धाडलाय, पहिले बांगडे माझे. कॅमेऱ्यात नवी टेप घालून ठेवली, उद्या झडप तीन मिनिटं उघडी. आते ब्लेड घासतेय.